धारवाडला पाळी लावून पाहिलेलं चित्र

बेळगावहून धारवाड फार तर दोन तासांवर. तरी मी आदल्या दिवशी पिशवी तीनदा भरून तीनदा रिकामी केली, कारण सोबत आई येणार होती. माझी थोरली बहीण, अक्का, धारवाडच्या मळमड्डीत एका निवृत्त मास्तरांच्या हॉलमध्ये आपली चित्रं मांडणार होती. अक्का बाईचं शरीर रंगवते. सुटलेलं पोट, पाठ, राग, कंटाळा. दोन वर्षांत आईनं त्यातलं एकही पाहिलेलं नाही.

"आई दारातून मागे फिरली, तर मी पुन्हा घरी येणार नाही," असं अक्का मला फोनवर म्हणाली होती.

आईचं म्हणणं एवढंच, "येते. पण दारापर्यंत."

सकाळी सातच्या आत स्टँडवर या, बसायला जागा मिळते. कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, पण आधार कार्ड वरच ठेवा. आईनं ते डब्याच्या खाली ठेवलं होतं. कंडक्टर समोर उभा आणि आमच्या मांडीवर चपात्या.

कित्तूरला चढणाऱ्यांची ढकलाढकली झाली. कंडक्टर ओरडला, "पाळी हच्चरी, पाळी!" ओळ लावा, म्हणत होता. ते ऐकलं आणि मला माझी पाटी आठवली.

मी पाट्या रंगवण्याच्या दुकानात काम करतो. दहावीला शाळा सुटली, पण ऱ्हस्वदीर्घ सुटलं नाही. अक्काच्या चित्रांच्या मराठी-कन्नड पाट्या मीच करून पाठवल्या होत्या. सगळ्यांत मोठ्या चित्राचं नाव 'पाळी', म्हणजे बायकांची महिन्याची. तिला कन्नडमध्ये काय म्हणतात, हे दुकानात विचारायची लाज वाटली. म्हणून तोच शब्द कन्नड अक्षरांत उतरवला. आणि कन्नडमध्ये पाळी म्हणजे रांग! लहानपणापासून मला माहीत असलेला शब्द. लिहिताना मात्र डोक्यात मराठीच होती.

तिथून धारवाडपर्यंत अक्काला चार फोन केले. उचलला नाही. नव्या स्टँडवरून मळमड्डीला रिक्षा करा, भाडं आधी ठरवून बसा. मी ठरवायला विसरलो.

गल्लीत वळलो आणि पाहतो तर काय, मास्तरांच्या फाटकापर्यंत बायकांची रांग! मोठं चित्र आत शिरल्याशिरल्या, त्यामुळे माझी पाटी दाराच्या चौकटीवर.

"कशासाठी हो पाळी?" एकीनं विचारलं.

"वाचता येत नाही का? लिहिलंय की," रांगेतल्या एक जाड भिंगाच्या आजी म्हणाल्या. "चहा तरी देत असतील."

आई निमूट त्यांच्या पुढ्यातल्या मोकळ्या जागेत उभी राहिली.

"आई, ही रांग खरी नाही. माझी चूक—"

"गप. बायका उभ्या आहेत, मधे घुसू नको."

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. जी ती चित्रापाशी पोचून काय वाटतायत ते शोधायची. मग अक्का खरा अर्थ सांगायची. बाई आधी हसायची, मग बघत राहायची. एकीनं कमरेवर हात ठेवून दाखवलं, "माझं इथं दुखायचं."

आई पुढे गेली. चित्रात एक बाई पाठमोरी, गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली. अंगावर काही नाही. कमरेत विटकरी रंग साकळलेला. मी फरशीकडे बघत होतो. आता ही वळणार, आता वळणार. अक्का भिंतीला टेकून उभी. हातातला चहा तिनं अजून प्यायला नव्हता.

आई हलेचना.

"अहो, सरका की," मागून आजी. "आमची पाळी कधी यायची?"

आई मान न वळवता म्हणाली, "तुमची केव्हाच गेली असेल!"

मग आजीच पहिल्यांदा हसल्या, "सुटले गं बाई!" आणि सगळी रांग हसत सुटली. अक्कानं चहा खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

मी पेन काढून पाटी दुरुस्त करायला गेलो. अक्कानं मनगट धरलं, "हात लावू नकोस." पाटी अजून तशीच आहे. मला आठवलं की अस्वस्थ व्हायला होतं.

परतताना कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट खा. मिरची भजी सोबत येतेच. आई बसमध्ये डोळे मिटून बसली. चित्र पाहून तिला बरं वाटलं की वाईट, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझाच फोन मागून घेतला आणि अक्काला लावला.

"अगं, त्या बाईला नुसतीच बसवून ठेवलीस. कमरेला शेक दे तिच्या. आम्ही सलाइनची काचेची बाटली गरम पाण्यानं भरून घ्यायचो, फडक्यात गुंडाळून."

मग अक्काचा आवाज आला, "कशी धरायची ते दाखवशील? रविवारी येते."