फ्यूजच्या जागी तार

अंकुशने उद्याच्या लग्नासाठी इस्त्री केलेल्या कुर्त्याच्या खिशात दहा नंबरचा पाना ठेवला आहे. दुसऱ्या खिशात रबरी हातमोजे. कपाट लावायला गेले तेव्हा कुर्ता एका बाजूला झुकून लटकत होता, म्हणून हात घालून पाहिला. लग्नाला जाणारा माणूस खिशात रुमाल ठेवतो, फार तर सुपारी. पाना कशाला, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच घर झोपलं तरी मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे.

अंकुश माझा थोरला. देवळी रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. लहानपणापासून त्याला गुंता सहन होत नाही. शेतातल्या मोटरपंपाची वायर वाटेल तशी पडलेली दिसली की तो बांधावरच बसून गुंडाळायचा आणि त्याचे बाबा तिकडे पाण्यासाठी ओरडायचे. बारावीनंतर आयटीआय केलं, मग पुण्याकडे एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायला लागला. दोन-तीन वर्षांत परत आला. म्हणाला, "आई, तिथं निस्त्या वायरीच पाह्यल्या. गाडी कधी दिसलीच नाई."

त्याची कामाची पद्धत त्याची स्वतःची. वायरींची जुडी तो प्लास्टिकच्या पट्टीने बांधत नाही. मेण लावलेल्या सुती दोऱ्याने, थोड्या थोड्या अंतरावर गाठ मारत बांधतो. पट्टी वायरीला चावते, दोरा नुसता धरतो, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकं हसतात. "अंकुशभाऊ, गाडीची वेणी घालून राह्यले काय?" तर हा म्हणतो, "मोकळे केस घेऊन चुलीपुढं बसते का कोणी?"

असा बोलायला तिखट आहे, पण वडीलधाऱ्यांपुढे त्याचं तोंड मिटतं. त्यातही भैयाजींपुढे. भैयाजी म्हणजे नाचणगावचे कापसाचे व्यापारी. दुकानाची जागा त्यांची आहे. चार लोकांत ते अंकुशच्या खांद्यावर हात ठेवून "हा आपला पोरगा" म्हणतात आणि त्या शब्दावर निम्मी गिऱ्हाइकं येतात.

भैयाजींकडे त्यांच्या वडिलांच्या काळातली एक विलायती गाडी आहे. लाल, बुटकी, दोनच माणसांची, टप काढला की उघडी. शर्यतीची गाडी असावी तशी. कित्येक वर्षं ती कापसाच्या गोदामात ताडपत्रीखाली होती. आता नातवाचं, अंकितचं, लग्न ठरलं आणि भैयाजींनी जाहीर केलं की नवरदेव याच गाडीत बसेल. इंजिन नागपूरच्या मिस्त्रीने सुरू केलं. वायरिंग अंकुशकडे आलं.

मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा त्याने मला सगळं दाखवलं. जुन्या वायरींवर रबराऐवजी कापड होतं आणि ते उंदरांनी खाल्लेलं. मधल्या काळात कोणी भोंगा लावला, कोणी रेडिओ, आणि प्रत्येकाने आपली वायर सरळ बॅटरीला नेऊन जोडली. अंकुशने ते सगळं उपसून काढलं. नव्या वायरी टाकल्या, दोऱ्याने बांधल्या आणि स्टिअरिंगच्या खाली फ्यूजची एक छोटी पेटी बसवली.

"हे पाह्य आई. कुठं काही गडबड झाली तं पहिले हा फ्यूज जळन. तो मरन, पण गाडी वाचन."

इतका खूश मी त्याला फार दिवसांत पाहिला नव्हता. आतून उघडी असलेली ती गाडी मला नीट भांग पाडलेल्या पोरासारखी दिसली.

आज सकाळी बंडूजी मंडपवाले दुकानात आले. गाडीभर दिव्यांच्या माळा लावायच्या आणि सनईही गाडीतूनच वाजली पाहिजे, म्हणून मोठा अॅम्प्लिफायर. सोबत भैयाजी. अंकुश म्हणाला, ही बॅटरी एवढा भार नाही ओढणार, दिव्यांसाठी वेगळी बॅटरी मागे हातगाडीवर ठेवू. भैयाजी म्हणाले, "नवरदेवाच्या मागं हातगाडी? भाजी विकाले चालला काय तो?" सगळे हसले. अंकुशही हसला म्हणे.

दिवे जोडले. फ्यूज उडाला. मोठा टाकला, सनई सुरू केली, तोही उडाला. तेव्हा बंडूजी म्हणाले, "तार टाक ना बावा. आमचा सारा मंडप तारेवरच चालते. भर वरातीत फ्यूज गेला तं नवरदेव काय अंधारात बसन?" भैयाजींनी खांद्यावर हात ठेवला. "एका रात्रीचा प्रश्न आहे बेटा."

आणि अंकुशने तांब्याची तार दुहेरी वळवून फ्यूजच्या जागी बसवली. पेटीचं झाकण लावलं. दुपारी गाडी नाचणगावला गेली.

हे सगळं मला रात्री जेवताना तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तो भात नुसता चिवडत होता.

"पेटनच का?" मी विचारलं.

"पेटनच असं नाई. पण वरात हळू चालते. इंजिन हळू असलं का बॅटरी भरतच नाई, निस्ती रिकामी होते. त्यात नाचता नाचता एखादी माळ चेपली, दोन तारा एकमेकीले भिडल्या, तं अडवाले काहीच नाई. वरून फुलं, जाळी, चमकीचा कपडा. सीटच्या मागंच पेट्रोलची..." तिथे तो थांबला. आपलंच बोलणं आपल्याच कानाने पहिल्यांदा ऐकल्यासारखा.

"मंग आत्ता जा आणि सांग."

"हळदीच्या घरी? आज त्याले हळद लागली आई. तिथं जाऊन सांगू का, तुमची गाडी पेटन म्हणून? अपशकुन केला म्हणतीन. उद्या काही झालं तं म्हणतीन, यानंच तोंडातून काढलं होतं."

हळद लागलेल्या मुलाला आम्ही एकट्याने बाहेर पाठवत नाही, त्याच्यापुढे मरणाचं, आगीचं नाव काढत नाही. बी.ए. झाले तरी मीही ते पाळते.

त्याचे बाबा, रूपराव, हात धुता धुता म्हणाले, "तुझ्या आईले तं दूध तापत ठेवलं तरी आग दिसते." हे खरं आहे. मी भित्री आहे, घरात ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यामुळे माझी भीती कोणी मोजत नाही. पण आज भीती माझी नव्हती. ती अंकुशच्या तोंडून निघाली होती.

"मी गाडीच्या बाजूनंच चालीन," तो म्हणाला. "वास आला का बॅटरीची वायर काढून घेतो. दोन आट्यांचं काम आहे." मग ताटावरून उठता उठता, "आणि तू कोणाले फोन नाई करायचा. मी लहान नाई आता."

दोन आट्यांचं काम. बॅटरी सीटच्या मागे, पेट्रोलच्या टाकीजवळ. भोवती नाचणारी माणसं, फटाके, धूर. आणि हा नवरदेवाच्या पाठीमागून वाकून, हात आत घालून, पाना लावणार. गाडी वाचवायला त्याने फ्यूज बसवला होता. आता फ्यूजच्या जागी तो स्वतः चालणार आहे.

भैयाजींना फोन करून काय होईल ते मला कळतं. "वैनी, तुम्ही निवांत झोपा," म्हणतील, आणि उद्या सगळ्यांपुढे अंकुशला विचारतील, काय रे, आईनं परवानगी दिली का यायची? तो पुन्हा हसेल आणि पुन्हा गाडीच्या बाजूने चालेल. भैयाजींच्या पत्नीला, सुमित्राबाईंना, सांगितलं तर त्या घाबरतील, रडतील, आणि अपशकुनाचं खापर फुटायचं तिथेच फुटेल.

राहता राहिला अंकित. गाडी दुकानात होती तेव्हा तो दोनदा येऊन बसला होता. कोणती वायर कुठे जाते, हे अंकुशला विचारत होता, हसत नव्हता. पत्रिका त्याने स्वतः माझ्या फोनवर पाठवली, खाली लिहिलं, "काकू, नक्की येजा." त्या गाडीत बसायचं आहे ते त्याला. त्याला कळायला नको?

शिवाय नवरदेवाचा रुसवा आपल्याकडे सगळेच झेलतात. कोणी घड्याळासाठी रुसतो, कोणी बुटांसाठी, आणि भले भले त्याच्या मागे फिरतात. अंकितने उद्या तोंड फुगवून म्हणावं, मले दिवे नको, सनई नको, माळा काढा नाही तर मी बसत नाही. भैयाजी चिडतील, पण नवरदेवापुढे त्यांचंही चालणार नाही. अंकुशचं नाव निघायचं कारण नाही. तार काढून पुन्हा फ्यूज बसवायला त्याला पाच मिनिटं पुरतात.

अंकित हसण्यावारी नेईल, हेही होऊ शकतं. आजोबांना सरळ जाऊन सांगेल आणि अंकुशची दुकानाची जागाही जाईल. अंकुश माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, देव जाणे. त्याने स्पष्ट बजावलं होतं आणि मी ते मोडते आहे, हे मला पुरतं कळतं. तो अबोला मी सोसेन. तो गाडीच्या बाजूने चालला तर मला सोसायला काही उरणार नाही.

हळदीचं घर आहे. मित्र जमले असतील, गाणी चालू असतील, कोणीच झोपलं नसेल. हळद लागलेल्या मुलाशी आगीचं बोलायचं नाही, तर नाही बोलणार. फ्यूजबद्दल बोलेन.

मागच्या अंगणात जाऊन अंकितला फोन लावते.