मापाचा हत्ती

माझ्या हातून काय घडलं ते सांगते, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे एकीला ठसका लागला होता.

लग्नाला तीन महिने झाले होते. नाशिक रोडला सासरी मी इतकी कमी बोलायचे, की शेजारच्या काकूंनी आईंना, म्हणजे सासूबाईंना, हळूच विचारलं होतं, "सून बोलते ना?" त्यात नणंदेची दोन मुलं सुट्टीला आली. चिनू सहा वर्षांचा, परी आठची. दुपारी दोघं सोफ्याच्या पाठीवरून उड्या मारू लागली, तेव्हा म्हटलं, चला, घरातल्याच वस्तूंचे प्राणी करू.

काड्यापेट्यांची मगर झाली. नारळाच्या शेंडीची आयाळ लावून सिंह झाला. मग चिनूला हत्ती हवा झाला, तोही मऊ.

"आई, एखादी चिंधी घेऊ का?"

आई स्वयंपाकघरात कैरी किसत होत्या. "घे की. कपाटाशेजारी गाठोडं आहे."

गाठोड्यावर एक ब्लाउज होता. मूळचा रंग ओळखू येऊ नये, काखेत ठिगळ, एक हूक गायब. चिंधी म्हणजे आणखी काय असतं? हुकांसकट धडाचं पोट केलं, एका बाहीची सोंड, दुसरीचे कान, आत जुन्या उशीतला कापूस ठासून भरला. परीनं बटणांचे डोळे लावले. हत्ती असा झाला की मी फोटो माहेरी पाठवला.

चार वाजता आई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "अगं, माझा मापाचा ब्लाउज पाहिलास? टेलरकडे न्यायला काढून ठेवला होता. आठवड्यावर भाच्याचं लग्न आलंय."

आता माझं अज्ञान बघा. मी जन्माची कुर्तेवाली. लग्नातले ब्लाउजही टेप लावून शिवलेले. मापाचा ब्लाउज म्हणजे काहीतरी जपलेलं, रेशमी असणार, अशी माझी समजूत. तासभर शोधलं. कपाट उपसलं, पलंगाखाली शिरले. मध्ये येत होता म्हणून हत्तीला दोनदा उचलून बाजूला ठेवलं.

"वीस वर्षं त्याच मापावर शिवतेय गं," आई रडकुंडीला आल्या. "टेप लावू देत नाही मी कुणाला."

"आजी," चिनू म्हणाला, "हत्तीच्या पोटाला हूक का आहेत?"

आईंनी हत्ती उचलला. उलटा केला. सोंड ताणून पाहिली. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"बाही सोंडेत गेली वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि हत्ती पिशवीत घातला. चिनू हत्तीला सोडेना म्हणून तोही निघाला, आणि त्याला धरायला मी.

टेलरकाकांनी चष्मा वर केला. "वहिनी, हे काय?"

"माप. आमच्या सूनबाईंनी नवीन काढलंय."

"टेप लावू का?"

"नको."

त्यांनी उसवायला कात्री घेतली, तर चिनूनं असा भोंगा पसरला की शेवटी कापसासकटच माप घ्यावं लागलं.

लग्नाच्या सकाळी आईंनी ब्लाउज घातला. त्यात मीही मावले असते. घरातल्या सेफ्टीपिना संपल्या, पण ब्लाउज संपेना. मग त्यांनी दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी एकटीच कशी दिसेन? तूही घे."

ऐन मे महिन्यात, दुपारच्या मांडवात, आम्ही दोघी घामानं निथळत तशाच वावरलो. निघताना चुलतसासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. "किती छान वळण आहे हिला. पुढच्या महिन्यात आमच्याकडे वास्तुशांत आहे, अशीच ये हो. आमच्या सुनांनाही कळू दे."

मी काही बोलणार, तोच आई म्हणाल्या, "येईल की. आमच्याकडे आता ती कायम असाच पदर घेणार आहे."