बाबांनी निवडलेला रंग

परवा कपाट आवरताना गळांचा डबा उघडला. आमिषाच्या रबरी माशांचा गोडसर वास आला आणि दहा वर्षांपूर्वीचं, इथं परदेशात बुकित बातोक भागातलं गळ-आमिषांचं दुकान आठवलं.

पुण्याहून माझ्याकडे आलेले, अंडंही न खाणारे बाबा सोबत होते. जलाशयातल्या गढूळ पाण्यासाठी मी चंदेरी आमिष उचललं.

"काळं घे," बाबा म्हणाले. "गढूळ पाण्यात माशाला तेच दिसतं. आम्ही गळाला कोंबडीचं काळं पीस बांधायचो."

मी आमिष खाली ठेवलं. "तुम्ही?"

"वडील गेल्यावर दोन वर्षं मीच मासे धरायचो. घरात खायला दुसरं काही नसायचंच. पुढे मासा घशाखाली उतरेना."

त्यांच्या न खाण्याला सोवळं म्हणून मी वर्षानुवर्षं हसत आलो होतो. त्या दुकानात मला त्यांच्याकडे बघवेना.