आईचा ब्लूटूथ

आईचा फोन दुपारीच मान टाकायला लागला, तेव्हा बाबांनी निकाल देऊन टाकला. ‘ते ब्लूटूथ दिवसभर चालू असतं ना, तेच बॅटरी खातं.’

मी म्हटलं, ‘नाही हो बाबा, आता ब्लूटूथला फार थोडी लागते.’ माझ्या फोनला घड्याळ दिवसभर जोडलेलं असायचं. एक दिवस मी मुद्दाम ब्लूटूथ बंद ठेवून ऑफिसला गेले. घरी आल्यावर पाहिलं तर जाणवेल असा फरक नव्हता. बाबांना ते पटलं नाही. प्रभादेवीच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचं न पटणं भिंतींना ऐकू जाईल इतकं मोठं असे.

आई या वादात पडायची नाही. मी दिलेल्या इअरबडपैकी एक कानात घालून ती स्वयंपाक करायची. विचारलं की म्हणायची, ‘भजनं ऐकते गं.’

त्या रविवारी आई कोलंबी सोलत होती. फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला. बाबा पाणी प्यायला आत आले, फोन उचलला आणि म्हणाले, ‘कौलांचा कसला फोटो लावलाय हा?’ उत्तराची वाट न बघता त्यांनी वरून बोट ओढून ब्लूटूथ बंद केलं.

‘अहो, नको!’ आई ओरडली. तिचे हात कोलंबीने भरलेले.

फोनमधून मोठ्याने आवाज आला, ‘गो, कुकराची शिटी इली. तुझो घोव अजून जेवूक नाय बसलो?’

मावशी! माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. बाबा आणि मावशीच्या यजमानांचं गावच्या जमिनीवरून भांडण झालं, त्यानंतर आमच्या घरात मावशीचं नावही निघत नव्हतं. ते यजमान वारले, तेव्हाही बाबांनी आईला जाऊ दिलं नव्हतं. मला वाटत होतं, दोघी बहिणींचा संबंधच संपला. आणि इथे मावशीला आमच्या कुकरच्या शिट्ट्या माहीत होत्या.

बाबांचा चेहरा उतरला. फोन तोंडाजवळ नेऊन ते म्हणाले, ‘नाय. अजून जेवूक नाय मी.’

पलीकडून अगदी बारीक आवाजात, ‘भावोजी?’ आणि कॉल तुटला.

आईने हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ‘एकटी असते ती. मध्यंतरी मागच्या पडवीत घसरून पडली,’ ती बाबांना म्हणाली. ‘हाका मारून मारून घसा बसला तिचा. संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा कळलं. तेव्हापासून व्हिडिओ कॉल चालू ठेवतो आम्ही. ती कौलं तिच्याच घरची. बोलतो कुठे दिवसभर? तिची भांडी वाजतात, खोकला ऐकू येतो, तेवढं पुरे. पडली तर मला कळेल.’

‘मला सांगायचं तरी,’ बाबा म्हणाले.

‘तुम्हाला?’ आई एवढंच म्हणाली.

मी रोज त्याच स्वयंपाकघरात चहा पीत होते, आईशी बोलत होते. त्या प्रत्येक वेळी गावचं एक अख्खं घर तिच्या कानात होतं.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढेही दोन-तीन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, ‘आईचं गावचं तिकीट काढ.’

‘आणि तुमचं?’

‘मी खयच्या तोंडान जाव?’ रागावले किंवा हरले की ते मालवणीत बोलत.

दादरला बस सुटण्याआधी त्यांनी आईची बॅग स्वतः वर ठेवली. खाली उतरून खिडकीपाशी आले आणि तिच्या हातात लाडवांचा पुडा दिला. ‘तिला दे,’ म्हणाले. ‘माझं नाव सांगू नको.’

आई म्हणाली, ‘सांगणार.’

बस वळणाआड जाईपर्यंत बाबा तिथेच उभे होते.