रामटेके बाबूजींचा नेम

रामटेके बाबूजी ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज दोनदा वाचत. एकदा मनात, एकदा ओठ हलवत. विदर्भालगतच्या सौंसर गावातल्या आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपचे ते अॅडमिन आणि मी दुसरा. नगरपालिकेच्या नोकरीतही तसंच होतं. ते जन्म-मृत्यूच्या नोंदी करत, मी शेजारच्या टेबलावर बसे. शिवी दिसली की मेसेज काढायचा, टाकणाऱ्याला आठवडाभर बाहेर ठेवायचं, हा त्यांचा नियम. जावयालाही त्यांनी असंच काढलं. मुलगी दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "नेम म्हनजे नेम, राऊत. माह्या जावयाले एक अन् तुह्या जावयाले एक, असं नाही चालत."

निवृत्तीनंतरच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबूजींच्या वस्तीची मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी एका संत्रा व्यापाऱ्याने, सगळं गाव वाचतं अशा एका साइटवर, वस्तीतल्या पोरांबद्दल एक वाक्य लिहिलं. ते मी इथे लिहीत नाही. बाबूजींनी त्या साइटच्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, यात नियमाचा भंग नाही. मग त्यांनी तेच वाक्य त्याच साइटवरच्या आपल्या पानावर उतरवलं आणि खाली विचारलं, "आमच्या पोरांबद्दल असं लिहिणं बरोबर आहे का?"

सकाळी त्यांचं खातं बंद. कारण, द्वेष पसरवणारा मजकूर. व्यापाऱ्याचं वाक्य जागेवरच होतं.

त्या खात्यावर बाबूजींचं नऊ वर्षांचं लिखाण होतं. वस्तीतली कोणती म्हातारी विदर्भातल्या कोणत्या गावाहून मजुरीला आली, पहिली विहीर कोणी खोदली, कोणाचा फोटो कुठून मिळाला, सगळं. त्यांनी माझ्यासमोर फेरविचाराचं बटण दाबलं. मिनिटभरात नकार आला.

"येवढ्यात कोनं वाचलं असंन, राऊत?"

शेवटी त्यांनी कागदावर अर्ज लिहिला, 'माननीय महोदय' पासून सुरुवात करून, नोंदवहीतल्यासारख्या स्वच्छ अक्षरात. मी शोधून कंपनीचा परदेशातला एक पत्ता दिला. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. पोच आली नाही.

व्यापारी माझ्याच समाजातला, आमच्या ग्रुपवरही होता. लग्नात आम्ही एका पंगतीत बसतो. मी त्याच्याकडे जाऊन म्हटलं, काढून टाक ते वाक्य. तो शांतपणे म्हणाला, "कायले? कंपनीनं पाहून चालू ठेवलं ना. चूक असती तं मलेच बंद केलं असतं." मी चहा पिऊन परत आलो.

उन्हाळा सरता सरता एके दिवशी बाबूजी म्हणाले, "रामाकोन्याची कुंदा आठवते?" कुंदा जवळच्या रामाकोना गावाहून आमच्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत कामाला येई. तिला कोणीतरी घाण शिवी लिहून पाठवली, ती तिने ग्रुपवर टाकून विचारलं होतं, मी काय करू? बाबूजींनी नियमाप्रमाणे मेसेज काढला आणि तिला आठवडाभर बाहेर ठेवलं. ती परत आलीच नाही.

"मंग माह्यात अन् त्या कंपनीत फरक काय?" त्यांनी विचारलं.

आम्ही रामाकोन्याला गेलो. कुंदाने पाणी दिलं. बाबूजींनी हात जोडले. "बाई, तुमी शिवी देल्ली नव्हती, दाखवली होती. मले समजलं नाही."

ती म्हणाली, "तुमी घरी येऊन सांगतलं, बाबूजी, तेवढं बरं केलं. पन ज्यानं लिहिलं होतं तो अजूनही लिहून राहिला. त्याचं काय करू?"

येताना बसमध्ये बाबूजी एवढंच बोलले, "नेम कराले सोपा असते. पाहाले डोये लागतेत." घरी पोहोचल्यावर त्यांनी ग्रुप माझ्या हाती दिला आणि स्वतः त्यातून बाहेर पडले.

हिवाळ्यात ते गेले. खातं शेवटपर्यंत उघडलं नाही. त्या म्हाताऱ्यांची नावं त्यातच राहिली. निधनाची बातमी मीच ग्रुपवर टाकली. खाली पहिला मेसेज आला तो व्यापाऱ्याचा, "सज्जन माणूस हरपला. भावपूर्ण श्रद्धांजली." मी त्याचं पान उघडून पाहिलं. ते वाक्य होतंच.

त्याची श्रद्धांजली काढून टाकावी म्हणून मी तिच्यावर बराच वेळ बोट धरून बसलो. त्यात शिवी नव्हती. मी बोट उचललं. थोड्याच वेळात त्याखाली लोकांच्या जोडलेल्या हातांची रांग लागली.