भोंग्यातली हाक

बालाघाटच्या बसस्टँडमागे डोमाजीचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं आणि त्याला लागूनच माझं शिवणाचं. माणूस हाताचा चोख, पण लक्ष कायम भलतीकडे. चहा घेतोस का म्हणून सकाळी विचारावं, तर हौ म्हणायला त्याला दुपार लागे. लग्नाची कॅसेट भरायला जाई आणि मंगलाष्टकांऐवजी मांडवाबाहेरच्या पाखरांचा आवाज घेऊन येई.

सत्त्याण्णव साली थंडी सरता सरता लालबर्रा रस्त्यावरच्या गावातले चैतराम पटले त्याच्याकडे आले. पटाच्या शर्यतीत पळणारी त्यांची बैलजोडी मुलखात नावाजलेली. वर्षभरात काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. यंदाचा पट झाला की जोडी विकायची, वारासिवनीचं गिऱ्हाईक पाहायला येणार आहे, असं त्यांनी सांगितलं. जोडी गेल्यावर ऐकायला त्यांना तिच्या शेवटच्या पटाची कॅसेट हवी होती. स्वतः मैदानावर जायला मन धजत नव्हतं.

डोमाजीला स्वप्नं पडायला एवढं पुरे. कॅसेटची सुरुवात म्हाताऱ्याच्याच आवाजात व्हावी म्हणून, रानातून बैलांना बोलावतानाची त्यांची लांबलचक हाक त्यानं भरून घेतली. मग त्याला वाटलं, ही हाक मैदानावर घुमली पाहिजे आणि घुमलेलीच कॅसेटमध्ये आली पाहिजे. पट भरवणाऱ्या समितीवाल्यांना पटवून त्यानं एक टेप भोंग्याला जोडला, दुसरा आवाज भरायला लावून त्याचा माइक भोंग्याच्याच खांबाला बांधला. मीही गेलो होतो. धान कापलेल्या बांध्यांत धुकं बसलं होतं, बैलांच्या अंगातून वाफा निघत होत्या, माणसं झोपेत चालल्यासारखी हलत होती. मला तर घरी परतूच नये असं वाटत होतं.

हाक झेंडी पडायच्या आधी वाजवायची ठरली होती. पण डोमाजी डोळे मिटून कुठल्याशा टिटवीकडे कान लावून बसला. झेंडी पडली, जोडी सुटली, निम्म्या वाटेत पुढे निघाली, तेव्हा कुठे त्याला बटण आठवलं. भोंग्यातून धन्याची हाक आली. बैलांनी कान टवकारले. जोडी हाकणारा धुरकरी कासरे ओढत राहिला, आणि जोडी पटाची वाट सोडून थेट भोंग्याच्या खांबाशी येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक मोटारसायकलला किक मारून निघून गेलं. समितीवाल्यांनी डोमाजीला काय काय सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

जिंकल्याचा गलका करायला माणसं जमवतो, तू दुसरी कॅसेट भर, असं मी त्याला परोपरीनं सांगितलं. तो ऐकेना. दुसऱ्या दिवशी चैतरामांच्या ओसरीवर त्यानं आहे तीच कॅसेट लावली. मी शेजारी बसलो होतो. लोकांचा आरडाओरडा, हाक, "अरे, अरे", मग सगळं मागे पडलं आणि नुसता बैलांचा श्वास ऐकू येऊ लागला. माइकला नाक लावून ते हुंगत होते.

चैतरामांचा हात शेजारच्या काठीकडे गेला. आता काठी उचलतात, असं मला वाटलं.

"डोये गेले तवापासून मी गोठ्यात गेलो नाही," ते म्हणाले. "मनात ये, आता मी त्याइच्या काय कामाचा."

डोमाजी लहान पोरासारखा रडायला लागला. चैतरामांनी चाचपडत त्याचा खांदा धरला आणि ते उठले.

"आता कोनी आलं तरी जोडी देत नाही. चाल, मले त्याइच्यापाशी ने."