करवलीची कावीळ

हसणार नसाल तरच सांगते. हसालच म्हणा, पण निदान तोंडातला चहा गिळून घ्या.

मैत्रिणीच्या लग्नात करवलीला काम काय असतं? नवरीच्या मागे उभं राहायचं, पदर सावरायचा, फोटोत गोड दिसायचं. मी तिच्या लग्नाचं जेवण उधळायला निघालेले. पाचशे पानांचं.

दीपाली माझी कॉलेजातली मैत्रीण. कोपरची, आगरी घरातली. तिच्या लग्नाच्या तीन दिवस आधी माझा घसा धरला, तापही आला. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. संपलं. इतकं सोपं.

पण मी शिकलेली ना. मी खोक्यातला तो घडीचा कागद उघडला.

तुम्ही कधी वाचलाय तो? वाचू नका असं मी म्हणणार नाही, पण माझ्यासारखा वाचू नका. पुरळ, खाज, धाप, त्वचा किंवा डोळे पिवळे पडणं. यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. लोक असं दिसलं तर कळवतात. मी दर तासाला आरशापुढे उभी राहून दिसण्याची वाट बघत होते.

हळदीपर्यंत ताप उतरला, म्हणून मी गेले. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठा कार्यक्रम. घरातल्या सगळ्या बायकांना एकसारख्या, कोऱ्या करकरीत पिवळ्या साड्या. मलाही नेसवली. मी नाचले, घामाने निथळले, पण हळद मात्र बोटभर लावू दिली नाही. दीपालीच्या काकी वाटी घेऊन मागे लागल्या, तर मी त्यांना समजावलं की उद्या अंगावर काही उठलं तर ते गोळीचं की हळदीचं, हे कळायला नको का? केवढी शास्त्रीय दृष्टी! थकून तशीच साडीत झोपले.

सकाळी हात बघितले. पिवळे. मान पिवळी. पोटही पिवळं. पाण्याने धुतलं, जाईना. आणि मला तर हळद लागलेलीच नव्हती. म्हणजे उरलं काय? लिव्हर.

सकाळची गोळी हातातच राहिली. मी रडत काकींकडे गेले. त्यांनी माझी मान उजेडात वळवली आणि निकाल दिला, “कावील हाय गो ही, पोरी.”

डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले लगेच ये. फुलांनी सजवायला निघालेली नवरीची गाडी माझ्यासाठी ठाण्याकडे वळवली. काकी सोबत. वाटेत त्यांना शंका आली की हे कालच्या पाण्याचं तर नसेल? त्यांनी घरी फोन करून विचारलं, आणखी कोणी पिवळं दिसतंय का.

आता तुम्हीच सांगा, हळदीच्या दुसऱ्या दिवशी त्या घरात पिवळं कोण नसणार?

नौपाडा येईपर्यंत कोपरला अकरा बायका पिवळ्या निघालेल्या. कोणी पाण्याच्या टँकरवाल्याला धरलं, कोणी जेवणवाल्याला. पाहुण्यांचे फोन सुरू झाले की लग्नाला येतो, पण जेवून येतो. दीपालीचा मेसेज आला, “बाबा देवापुढे बसलेत, उठत नाहीत. तू बरी आहेस ना?”

डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबलं. मग विचारलं, “साडी नवी होती?”

“हो.”

त्यांनी स्पिरिटचा बोळा मानेवरून फिरवला. बोळा पिवळा, मान माझ्या रंगाची.

काकींनी तो बोळा हातात घेऊन उजेडात धरला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मला विचारलंस ते बरोबर केलंस. पण आधी मला आणि मग कोपरला, असा क्रम ठेवायचा. सकाळची गोळी आता काहीतरी खाऊन घे. संध्याकाळची जेवणानंतर. पाच दिवस पुरे कर.”

संध्याकाळी लग्न लागलं, पण जेवणाच्या हॉलमध्ये कोणी शिरेना. सगळे दाराशी घुटमळत उभे. दीपालीच्या बाबांचा चेहरा बघवेना. शेवटी काकींनी माइकच हातात घेतला, आणि माझ्या नावासकट जाहीर केलं की करवलीला कावीळ नाही, साडीचा रंग गेलाय, आणि खात्री म्हणून पहिलं पान तीच जेवेल.

मला एकटीला मधोमध बसवलं. लोक दारातून माझे घास मोजत होते. मी जेवले हो, सगळं जेवले, गुलाबजामही दोनदा मागून घेतले. हळूहळू माणसं आत आली. माझ्या मागच्या दोन रांगा भरल्या, वाढपी धावायला लागले, बाबांनी लांबून हात जोडले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

मग मी, डॉक्टरांचं ऐकणारी शहाणी मुलगी, जेवण झालं म्हणून पर्स उघडली, सगळ्यांदेखत गोळी काढली, आणि पाण्याबरोबर घेतली.

मागच्या दोन्ही रांगा उठल्या.